पाव, पांव आणि पाय : शब्द सख्खे की नुसते सारखे?

नोकरीसाठी लिस्बनला राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारलं आहे : "इथे ब्रेडला जवळजवळ आपल्यासारखंच ‘पांव’ म्हणतात. माझा एक मित्र सांगतो की पायाने मळतात म्हणून ‘पाव’, आणि पोर्तुगीजांनी हा शब्द आपल्याकडून नेला. दुसरा म्हणतो की दोन्ही शब्द संस्कृत ‘पाद’चेच, कारण सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या. पुरावा म्हणून तो फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’, तसेच ‘बेहतर’ आणि ‘बेटर’ दाखवतो. मग हिंदीतली ‘शिक्षा’ आपल्याकडे दंड कशी झाली? सारखे दिसणारे शब्द एकाच मुळाचे आहेत की नाहीत, हे ओळखायचं कसं?"

गेली सत्तावीस वर्षं मी कोशाच्या कामात आहे. व्युत्पत्तीच्या नोंदी तपासणं हे माझं रोजचं काम, आणि जोडीला कन्नडातून मराठीत अनुवाद करते. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यापर्यंत सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रश्नाची फोड करू. तुम्ही एक प्रश्न विचारला आहे, पण त्यात दोन आहेत. दोन शब्दांचं मूळ एक आहे का, हा पहिला. आणि मूळ एक असेल तर अर्थ एक का नाही, हा दुसरा. ह्या दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. मूळ एक आणि अर्थ उलटे, असं पुष्कळदा घडतं. अर्थ एक, रूपही एक आणि मूळ मात्र पूर्ण वेगळं, असंही घडतं. ‘बद’ आणि ‘बॅड’ ही त्यातलीच जोडी आहे. तुमचे दोन्ही मित्र रूपाकडे पाहून थेट मुळाबद्दल बोलतात, तिथे गाडी घसरते. दोन माणसांचे चेहरे जुळतात म्हणून आपण त्यांना भाऊ म्हणत नाही, आधी गाव विचारतो, आडनाव विचारतो, आजोबांचं नाव विचारतो. शब्दांच्या बाबतीतही चौकशी तिथूनच सुरू होते.

‘पाव’च घेऊ. मराठीत ‘पाव’ हा एक शब्द नाही, निदान तीन आहेत.

पहिला ‘पाव’ म्हणजे चौथा हिस्सा : पाव किलो, पावशेर, पावली. हा संस्कृत ‘पाद’पासून आला. जनावराला चार पाय, म्हणून एक पाय म्हणजे चतुर्थांश. संस्कृतातच ‘पाद’चे हे दोन्ही अर्थ आहेत. दोन स्वरांमधला ‘द’ प्राकृतात गळाला आणि रिकाम्या जागेत कुठे ‘य’ तर कुठे ‘व’ आला. म्हणून एकाच ‘पाद’पासून ‘पाय’ही आला आणि ‘पाव’ही. ही काही ‘पाद’पुरती सवलत नाही. ‘राजा’चे ‘राय’ आणि ‘राव’ झाले. ‘घात’चा ‘घाव’ झाला आणि ‘घायाळ’मध्ये ‘घाय’ राहिला. ज्ञानेश्वरांनी मागितलेलं ‘पसायदान’ आठवा, त्यातला ‘पसाय’ म्हणजे ‘प्रसाद’, तिथेही मधला ‘द’ असाच गेला आहे. ‘पाव’चं गणगोतही मराठीत सगळीकडे भेटतं. ‘सव्वा’ म्हणजे ‘सपाद’, पावासकट. ‘पाऊण’ म्हणजे ‘पादोन’, पाव कमी. भाजीवाल्याकडे सव्वा किलो मागताना आपण ‘पाद’च उच्चारत असतो.

दुसरा ‘पाव’ क्रियापदातला : देव पावला, नवसाला पावणारी देवी, पत्र पावलं. हा ‘प्राप्’पासून आला, म्हणजे पोचणं किंवा मिळणं. इथे दोन स्वरांमधला ‘प’ मऊ होऊन ‘व’ झाला आहे. ‘दीप’चा ‘दिवा’, ‘कपाट’चं ‘कवाड’, ‘उपरि’चं ‘वर’, हे सगळे त्याच वाटेने आले. पैसे पोचल्याची ‘पावती’ ही ह्याच ‘पावणे’ची मुलगी.

तिसरा ‘पाव’ म्हणजे बेकरीतला. त्याला मराठीत गणगोत नाही. लादीपाव, वडापाव, पावभाजी हे त्याचे जोडशब्द झाले, नातेवाईक नव्हेत. त्याच्यापासून क्रियापद निघालेलं नाही आणि त्याचं जुनं प्राकृत रूपही नाही. त्याचे सगळे नातेवाईक युरोपात राहतात. लॅटिनमध्ये भाकरीला ‘पानिस’. त्याचं इटालियनमध्ये ‘पाने’ झालं, स्पॅनिशमध्ये ‘पान’, आणि पोर्तुगीजमध्ये नाकातला ‘पांव’. पोर्तुगीज भाषेची एक ठळक खोड म्हणजे दोन स्वरांमधला लॅटिन ‘न’ ती गिळते आणि काही वेळा नाकातला सूर तेवढा मागे ठेवते. म्हणून लॅटिन ‘मानुस’ म्हणजे हात, त्याचा पोर्तुगीजमध्ये ‘मांव’ झाला. ‘कानिस’ म्हणजे कुत्रा, त्याचा ‘कांव’ झाला. ‘पानिस’चा ‘पांव’ ह्याच रांगेत बसतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तुमच्या मित्रांचं ‘पाद’वालं उत्तर ध्वनीच्या नियमांनी चुकीचं ठरत नाही. ‘पाद’चा ‘पाव’ होतो, हे आत्ताच पाहिलं. तरीही बेकरीतल्या पावाला ते लागू पडत नाही, कारण त्याला केवळ मराठी शब्द समजावून चालणार नाही, रोम, माद्रिद आणि लिस्बनही समजावावं लागेल. पोर्तुगीज भारतात १४९८ साली उतरले. त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून लॅटिनमध्ये ‘पानिस’ नांदत होता. आणखी एक साक्षीदार जपानमध्ये आहे. तिथेही ब्रेडला ‘पान’ म्हणतात, कारण सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिथेही गेले. पायाने मळण्याची गोष्ट किंवा ‘लादीचा चौथा तुकडा म्हणून पाव’ ही गोष्ट खरी मानली, तर जपानी माणसाने मराठी पाय आणि मराठी पावशेर कुठून आणले, हे आधी सांगावं लागेल. व्युत्पत्ती एका शब्दाला चपखल बसली म्हणजे काम झालं, असं नसतं. त्या शब्दाच्या सगळ्या भावंडांना ती बसली पाहिजे.

उसन्या शब्दांची आणखी एक खूण म्हणजे ते सहसा एकटे येत नाहीत, वस्तूबरोबर आणि घोळक्याने येतात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षं, उत्तर कोकणात त्यांचा अंमल होता. चावी, बादली, घमेलं, फीत, बिजागरी, कोबी, बटाटा, पगार, तुरुंग, लिलाव हे शब्द त्यांच्याकडून आले. यादी नुसती वाचली तरी तो संसार डोळ्यांपुढे उभा राहतो : बांधकाम, भाजीबाजार, नोकरी, कोठडी. त्या यादीत ‘पाव’ सहज बसतो. त्यातही सगळे शब्द मुळात पोर्तुगीज नाहीत. ‘बटाटा’ त्यांनी कॅरिबियन बेटांवरून उचलला. ‘लिलाव’ त्यांच्याकडे अरबीतून गेला होता, पुकारा ह्या अर्थाच्या शब्दापासून. ‘अमुक शब्द पोर्तुगीज आहे’ असं कोशात लिहिताना मी नेहमी ‘पोर्तुगीजमधून’ असं लिहिते. शेवटचा थांबा आणि मूळ गाव ह्या वेगळ्या गोष्टी आहेत.

कधी दोन्ही दारं उघडी असतात आणि मग निर्णय परिस्थितीवर अवलंबून राहतो. ‘साबण’ घ्या. अरबी-फारसीत ‘साबून’ आहे, पोर्तुगीजमध्ये ‘साबांव’ आहे. दोघांच्याही मागे लॅटिन ‘सापो’ आहे. मराठी शब्द कुठल्या दाराने आत आला, हे तो कुठल्या भागातल्या, कुठल्या काळातल्या कागदांत कसा लिहिलेला सापडतो त्यावर ठरवायचं. किनाऱ्यावरच्या शब्दाला एक दार, दख्खनच्या दरबारातल्या शब्दाला दुसरं. अशा ठिकाणी एकच उत्तर ठामपणे देणाऱ्या नोंदीवर माझा विश्वास बसत नाही.

आता ‘बद’ आणि ‘बॅड’. ही जोडी फारच मोहक आहे, कारण रूप तेच आणि अर्थही तोच. मराठीने ‘बदनाम’, ‘बदसूर’मधून ‘बद’ आपलासा केलाच आहे. इथे मी जी कसोटी लावते ती अशी : दोन्ही शब्दांना धरून काळात मागे चालायला लागा. सख्खे असतील तर जसजसे मागे जाल तसतसे ते एकमेकांच्या जवळ येतील, आणि योगायोग असेल तर दूर जातील. फारसी ‘बद’ मागे नेला की मध्य फारसीत ‘वद’ होतो. फारसीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ब’ पुष्कळदा जुन्या ‘व’चा असतो. वीसला फारसीत ‘बीस्त’ म्हणतात, आपल्याकडे ‘विंशति’. वाऱ्याला ‘बाद’, आपल्याकडे ‘वात’. म्हणजे ‘बद’चा ‘ब’ पुढे कधीतरी झालेला आहे. इंग्रजी ‘बॅड’ मागे नेला तर मध्ययुगीन इंग्रजीत ‘बॅड्ड’सारखं रूप भेटतं, तिथे ‘व’चा मागमूसही नाही. आज जे दोघे खांद्याला खांदा लावून उभे दिसतात, ते हजार वर्षांपूर्वी वेगवेगळ्या रस्त्यांवर होते.

‘बेहतर’ आणि ‘बेटर’मध्ये थोडी गंमत आहे. ‘बेहतर’ फोडला तर ‘बेह’ अधिक ‘तर’. हा ‘तर’ म्हणजे आपल्या ‘लघुतर’, ‘उच्चतर’मधलाच, फारसी आणि संस्कृत ह्यांचा सख्खा वारसा. आणि ‘बेह’च्या मागे पुन्हा जुना ‘व’च आहे. ‘बेटर’ मात्र ‘बेट’ अधिक ‘अर’ असा फुटतो. त्यातला ‘ट’ मूळ शब्दाचा आहे, प्रत्ययाचा नाही. म्हणजे दोन्हींचे सांधेच वेगळ्या जागी आहेत. शब्द शेजारी ठेवून सारखे दिसले, की ते फोडून पाहायचे. सांधे जुळले नाहीत तर चेहऱ्यांचं साम्य विसरायचं.

योगायोगाचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. उत्तर क्वीन्सलँडमधल्या म्बाबाराम नावाच्या आदिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन ह्या भाषाशास्त्रज्ञाने ते नोंदवलं. कोणालाही वाटेल, गोऱ्यांकडून घेतला. पण त्याच भागातल्या यिदिनी भाषेत कुत्रा म्हणजे ‘गुडागा’, आणि म्बाबाराम भाषेत शब्दांची सुरुवात गळण्याचे, स्वर बदलण्याचे जे नियम दिसतात, ते लावत गेलं की ‘गुडागा’चा बरोबर ‘डॉग’ होतो. शब्द पूर्णपणे स्थानिक, इंग्रजीशी काडीचा संबंध नाही. भाषेत ध्वनी मोजकेच असतात आणि शब्द हजारो, तेव्हा दोन दूरच्या भाषांत काही जोड्या जुळणारच. तुमच्या पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणं, आणि तोच आपला ‘पगार’. मलय भाषेतही ‘पगार’ आहे, पण तिथे त्याचा अर्थ कुंपण. पहिली जोडी इतिहासाची, दुसरी निव्वळ योगायोगाची.

आईबापांचे शब्द तर मी पुरावा म्हणून मोजतच नाही. बाळाच्या ओठांतून पहिले निघतात ते म, ब, प, आणि आईबाप ते आपल्यालाच हाक मारली असं समजतात. त्यामुळे मामा, बाबा, पापा हे जगभर आपापले उगवतात. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई, एवढं सांगितलं तरी पुरे.

मग खरं नातं कसं दिसतं? गंमत अशी की खरे नातेवाईक बहुधा सारखे दिसतच नाहीत. ‘चाक’ आणि ‘सायकल’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत, हे सांगितलं की माझे विद्यार्थी वर पाहतात. ‘चाक’ संस्कृत ‘चक्र’चं. ‘सायकल’ ग्रीक ‘कुक्लोस’चं, म्हणजे वर्तुळ किंवा चक्र. आणि इंग्रजी ‘व्हील’ही त्याच घरातलं. सायकलचं चाक म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो, एकदा घरचा आणि एकदा ग्रीसहून फिरून आलेला.

ह्या नात्याचा आधार साम्य नाही, नियमितपणा आहे. संस्कृत आणि लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘प’ असेल तिथे इंग्रजीत ‘फ’ येतो : पितृ, पातेर, फादर. पूर्ण, प्लेनुस, फुल. पाद, लॅटिनमध्ये ‘पेद’, फुट. संस्कृत आणि लॅटिन ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो : दश, देकेम, टेन. द्वि, दुओ, टू. दंत, देंत, टूथ. याकोप ग्रिम ह्या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८२२ मध्ये ह्या बदलांची जी मांडणी केली ती आजही टिकून आहे. नियम हातात आला की तो शब्द नाकारायलाही शिकवतो, आणि त्यातच त्याची खरी किंमत आहे. लॅटिन ‘दिएस’ म्हणजे दिवस आणि इंग्रजी ‘डे’ म्हणजेही दिवस. ‘दिएस’ आणि आपला ‘दिवस’ हे खरोखर नातेवाईक आहेत. पण ‘डे’ त्यांचा असता तर त्याच्या सुरुवातीला ‘ट’ असायला हवा होता. तो नाही, म्हणून ‘डे’ बाहेरचा. आता ‘ट’ कुठे सापडतो पाहा. इंग्रजी ‘ट्यूजडे’मधला ‘ट्यू’ म्हणजे तीव नावाचा जुना जर्मानिक देव, आणि ते नाव आपल्या ‘देव’चं आणि लॅटिन ‘देऊस’चं सख्खं भावंड आहे. ‘ट्यूजडे’मध्ये आपला नातेवाईक आहे खरा, पण ज्या तुकड्यात आपण शोधला नसता त्या तुकड्यात.

आणि लिस्बनच्या ‘पांव’बद्दल अजून एक. ‘पाद’चा खरा पोर्तुगीज भाऊ तुमच्या रोजच्या बोलण्यात आहे : पायाला तिथे ‘पे’ म्हणतात, लॅटिन ‘पेद’पासून. त्यांच्याकडे पाय ‘पे’ आणि ब्रेड ‘पांव’. दोन शब्द, दोन घरं.

सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या, हे तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं मी हलक्यावारी घेत नाही. संस्कृताबद्दलचं प्रेम माझंही आहे, आणि त्याच प्रेमापोटी सांगते. १७८६ मध्ये कलकत्त्याला सर विल्यम जोन्स ह्यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्यांचं साम्य मांडलं तेव्हाच त्यांनी म्हटलं होतं की ह्या तिघी एका समान मुळापासून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आज शिल्लकही नसेल. आई नव्हे, बहिणी. ह्याचा पुरावा खुद्द ‘चक्र’ शब्दात आहे. तो मुळात एकाच अक्षराची पुनरुक्ती करून बनलेला आहे, ‘क-क्र’ असा. मग पहिल्या ‘क’चा ‘च’ का झाला आणि दुसरा ‘क’ का राहिला? शाळेत ‘चकार’ आणि ‘जगाम’ पाठ केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल : ‘कृ’ची पुनरुक्ती ‘च’ने, ‘गम्’ची ‘ज’ने. कारण असं की त्या पहिल्या अक्षरात फार पूर्वी ‘अ’ नव्हता, ऱ्हस्व ‘ए’ होता. ‘ए’च्या शेजाराने ‘क’ तालूकडे सरकून ‘च’ झाला, आणि नंतर तो ‘ए’ स्वतःच ‘अ’ झाला. तो जुना ‘ए’ ग्रीक-लॅटिनने बऱ्याच शब्दांत जपून ठेवला आहे. संस्कृताने त्याचा फक्त ठसा ठेवला. म्हणजे संस्कृताच्याही आधी एक अवस्था होती, आणि तिची खूण पाणिनीच्या भाषेतच सापडते. मला हे संस्कृताचं वैभव वाटतं, उणेपण नव्हे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अर्थाचा. रोजच्या व्यवहारात नुकसान करतो तो हाच.

‘शिक्षा’ हिंदीत, बंगालीत शिक्षण. मराठीत दंड. पण आपण एकटे नाही. कन्नड, तेलुगू, मल्याळम ह्या तिन्ही भाषांत ‘शिक्षा’ म्हणजे दंडच. हे अर्थांतर विचित्र वाटतं, पण आपणच म्हणतो ना, "चांगला धडा शिकवला त्याला"? शिकवण्यापासून दंडापर्यंतचं अंतर तेवढंच आहे. संस्कृतात ‘शास्’ धातूत तर शिकवणं, ताब्यात ठेवणं आणि दंड करणं हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. शिष्य, शास्त्र आणि शासन हे तिघे एकाच धातूचे. हिंदीतला दुसरा शब्द ‘तालीम’ घ्या. अरबीत त्याचा अर्थ शिकवणं, हिंदी-उर्दूत शिक्षण, आणि मराठीत मात्र लाल मातीचा आखाडा किंवा नाटकाची तालीम. हिंदीत शिक्षणाला असलेले हे दोन्ही शब्द मराठीने घेतले, एक कोर्टात नेला आणि एक आखाड्यात.

माझी स्वतःची चूक सांगते. कन्नड अनुवादाला सुरुवात करून वर्षच झालं होतं. एका लेखकाच्या परिचयात ‘उपन्यासक’ असा शब्द आला. माझं हिंदी चांगलं, हिंदीत ‘उपन्यास’ म्हणजे कादंबरी, म्हणून मी बेधडक ‘कादंबरीकार’ लिहून मोकळी झाले. छपाईआधी धारवाडच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मजकूर पाहिला आणि विचारलं, "ह्यांनी कादंबरी कधी लिहिली?" कन्नडात ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान, आणि ‘उपन्यासक’ म्हणजे महाविद्यालयातला अध्यापक. कन्नडात कादंबरीला ‘कादंबरी’च म्हणतात, आपल्यासारखंच. मी जवळच्या मराठीचं बोट सोडून दूरच्या हिंदीचं धरलं होतं. त्या दिवसापासून ओळखीचा संस्कृत शब्द दिसला की मी तो जास्त काळजीने तपासते. अनोळखी शब्द आपण कोशात पाहतोच, फसवतो तो ओळखीचा.

‘अवकाश’ मराठीत मोकळी जागा किंवा सवड, हिंदीत सुट्टी, कन्नडात आणि तेलुगूत संधी, मल्याळममध्ये हक्क. ‘संसार’ हिंदीत जग, मराठीत घरदार, आणि मल्याळममध्ये चक्क बोलणं. ‘राजीनामा’ मूळ फारसीत संमतीपत्र, हिंदी-उर्दूत तडजोड, मराठी आणि कन्नडात पदत्याग. हिंदी बातमीतला ‘राज़ीनामा’ वाचून कोणी पद सोडलं असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. ‘मंदिर के कपाट’ म्हणजे देवळाचे दरवाजे, कपाटं नव्हेत. जाता जाता सांगते, ‘कपाट’ आणि इंग्रजी ‘कबर्ड’ हेही ‘बद’-‘बॅड’सारखेच परके आहेत. त्यांचा ‘कबर्ड’ कप ठेवायच्या फळीपासून बनला. माझ्या पाहण्यात संस्कृत शब्दांच्या अर्थांत मराठी बऱ्याचदा हिंदीपेक्षा कन्नडच्या बाजूला असते. शेकडो वर्षांचा शेजार आहे तो. दक्षिणेकडच्या मजकुराशी काम पडलं तर हिंदीवरून अंदाज बांधू नका.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर मी काय करते ते थोडक्यात. आधी शब्दाचं सर्वांत जुनं रूप शोधते. जुनी छपाई इथे फार उपयोगी पडते. नाम ह्या अर्थाचा ‘नाव’ पूर्वी ‘नांव’ असा लिहीत, होडी ह्या अर्थाचा ‘नाव’ मात्र बिंदूशिवाय. तो बिंदू म्हणजे ‘नाम’मधल्या ‘म’ची शेवटची आठवण होती, तसाच ‘गांव’मधला ‘ग्राम’चा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. लिहिणं सोपं झालं, पण दोन ‘नाव’ आता डोळ्यांना एकच दिसतात. मग शब्दाचं गणगोत पाहते, त्याला घरचे प्रत्यय, क्रियापदं, जोडशब्द आहेत का. ‘खाली’ घ्या : मराठीत खालचा, खालून, खालती असं अख्खं घर आहे. हिंदीतला रिकामा ह्या अर्थाचा ‘ख़ाली’ अरबी आहे आणि त्याचं घर अरबीत आहे. मग तोच बदल इतर शब्दांत होतो का ते पाहते, आणि शेवटी इतिहास, म्हणजे हा शब्द इथे यायला माणसं कुठल्या वाटेने आली. ह्यातल्या एकाच उत्तरावर मी नोंद लिहीत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती, कृ. पां. कुलकर्णी ह्यांचा १९४६चा व्युत्पत्तिकोश, आणि आर्य भाषांसाठी टर्नर ह्यांचा तौलनिक कोश, द्राविडी भाषांसाठी बरो आणि एमेनो ह्यांचा व्युत्पत्तिकोश, हे कायम टेबलावर असतात. मोल्सवर्थ आणि टर्नर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. कुलकर्ण्यांचा कोश मराठीत सर्वांत सोयीचा, पण कुठल्याही एका कोशावर विसंबू नका. ‘तूप’सारख्या शब्दासाठी तर बरो-एमेनोच उघडावा लागतो, कारण तिथे कन्नड ‘तुप्प’ शेजारी उभा आहे आणि संस्कृतात ओढूनताणून मूळ शोधण्याची गरज नाही.

तेव्हा मित्रांना सांगा : बेकरीतला पाव पोर्तुगीजांकडून आला, पावशेर ‘पाद’चा, आणि नवसाला पावणारा देव ‘प्राप्’चा. लिस्बनच्या तुमच्या गल्लीत बेकरीवर ‘पदारिया’ अशी पाटी असेल, आणि आत पाव भाजणारा ‘पदेइरु’. त्या दोन्ही शब्दांत एकेकाळी ‘न’ होता, ‘पांव’मधल्यासारखाच गिळलेला. गोव्यात सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन येणारा ‘पोदेर’ म्हणजे तोच ‘पदेइरु’. पुढच्या वेळी घरी याल तेव्हा वाट वाकडी करून गोव्यात थांबलात, तर त्याच्याकडूनच पाव घ्या.